पाणी हुंगणारे अण्णा

आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीत अण्णा टेंभेकरांचा कशावरच विश्वास नव्हता. देवावर होता म्हणे, पण तोही तपासून घेतलेला असणार. दूधवाला आला की आधी बोट बुडवून बघायचे. दर वर्षी दोन पंचांगं आणायचे आणि एक दुसऱ्याशी ताडून पाहायचे. मी एकदा आपलं सहज म्हटलं, "अण्णा, आज गरमी जास्तच आहे नाही?" तर चष्म्यावरून माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "कशावरून?" आता मे महिना, बनारस, घामानं पदर चिंब झालेला, आणि हा माणूस मला पुरावा मागतोय! मी म्हटलं, "तुमच्या टकलावरून." तेव्हा मात्र हसले. अण्णांना हसवायचं तर तोंडाला तोंड द्यावं लागे, गोड बोलणाऱ्याचा त्यांना लगेच संशय यायचा.

मी लग्न होऊन वाईहून इथं आले ती नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला. आमचं घर आणि टेंभेकरांचं घर पाठीला पाठ लावून, गच्च्या शेजारीशेजारी, मधे कमरेएवढी भिंत. भिंतीवर माकडांसाठी काटेरी फांद्या टाकलेल्या. त्या फांद्यांवरून अण्णांचं डोकं वर आलं की समजायचं, चौकशी आली. "नंदा, आज तुमच्या नळाच्या पाण्याला वास कसला?" अण्णांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत झालेली. पाण्यात काय काय घालावं लागतं ते ठाऊक असल्यामुळे त्यांनी पाण्यावरचा विश्वास कायमचा काढून घेतला होता. पेला तोंडाला लावण्याआधी नाकाला लावायचे. लग्नाच्या पंगतीत, सत्यनारायणाला, कुठंही. यजमानाला काय वाटेल याची फिकीर नाही.

तर अशा माणसानं रिटायर झाल्यावर मासे पाळले. तेही साधे नाहीत.

कलकत्त्याला भाचीच्या लग्नाला गेले आणि येताना प्लास्टिकच्या फुगवलेल्या पिशवीत अर्धा डझन मासे घेऊन आले. पिशवी दुलईत गुंडाळलेली, दुलई मांडीवर, आणि रात्रभर गाडीत डोळ्याला डोळा नाही, कारण समोरच्या बाकावरचा माणूस म्हणे पिशवीकडे "नको तसा" बघत होता. मोगलसरायला उतरून घरी आले तेव्हा माईकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "लोक लग्नाहून मिठाई आणतात, ह्यांनी माशांची वरात आणली." आणि आत निघून गेल्या. पुढं कितीतरी वर्षं त्या टाकीकडे काकूंनी पाठच फिरवली. "सोवळ्याचं घर आहे आमचं. मासे पाळायचे तर त्यांनी पाळावेत, मी बोटसुद्धा लावणार नाही," हे गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

मासे दिसायला मात्र काय सुंदर! डिस्कस म्हणायचे त्यांना, सिक्लिड जातीचे. थालीपिठासारखे गोल आणि चपटे, अंगावर निळ्या नागमोडी रेघा, डोळे लालभडक. पण नखरे महाराणीचे आणि स्वभाव गुंडाचा. पाणी जरा गार झालं की पडले आजारी. पाणी जरा जड झालं की अन्न सोडलं. आणि इतकं नाजूक असून आपसांत अशी मारामारी की बघवत नसे. त्यातला एक दांडगा नर बाकीच्यांना कोपऱ्यात कोंडून ठेवायचा, खायला सोडलं की आधी तो, मग त्याची मर्जी असेल तर बाकीचे. अण्णांनी टाकीत हात घातला तर धावून यायचा. अण्णा खुशीत म्हणायचे, "ह्याचा कुणावर विश्वास नाही. शहाणा आहे."

त्या टाकीपायी घरात जे कायदे निघाले ते विचारू नका. गच्चीलगतच्या त्या टाकीच्या खोलीत उदबत्ती नाही, डासांचा फवारा नाही, लाल-पिवळं लुगडं नेसून कुणी समोर यायचं नाही. मणिकर्णिकेच्या स्मशानाकडून वारा सुटला की खिडक्या बंद, धुरातलं काय काय पाण्यात उतरेल सांगता येत नाही म्हणून. नळाचं पाणी टाकीत थेट कधी जायचं नाही. मोठ्या पातेल्यात उकळायचं, खाली बसलेला पांढरा क्षार मला बोलावून दाखवायचे, "बघ, हे तुमच्या पोटात जातं." मग ते वरचं निवळ पाणी प्लास्टिकच्या बादल्यांत निवत ठेवायचं. बादल्या संडासाच्या वाटेवरच्या बोळात, कारण काकू त्या दुसरीकडे कुठं ठेवू देत नव्हत्या.

बत्ती गुल झाली की खरी गंमत. टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडायचा आणि मासे वर येऊन तोंडं उघडायचे. मग अण्णा स्टुलावर उभे राहून पेल्यानं पाणी काढून उंचावरून सोडत बसायचे, म्हणजे हवा मिसळते. दुपारच्या वेळी हात भरून आले की भिंतीवरून मला हाक. मी गेले की आधी माझे हात हुंगणार. "साबण?" "नाही." "कांदा चिरलास?" "नाही हो अण्णा." "कशावरून?" मी म्हणायचे, "मग करा की तुम्हीच!" तेव्हा पेला हातात द्यायचे. बनारसची वीज ती, दोन-दोन घंटे आम्ही आळीपाळीनं पाणी वरून खाली सोडायचो आणि काकू आतून म्हणायच्या, "चालू आहे का अभिषेक?"

गल्लीनंही त्यांच्या संशयाची परतफेड केलीच. अण्णा रोज सकाळी झाकणाचा डबा घेऊन लहुराबीरच्या बाजाराकडे जायचे आणि उपरण्याखाली लपवल्यासारखा तो डबा परत आणायचे. महाराष्ट्रीय ब्राह्मणाच्या घरात रोज झाकलेला डबा येतो म्हटल्यावर कुजबुज होणारच. शेवटी आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, गल्लीतले वडीलधारे म्हणून विचारायला गेले. अण्णांनी शांतपणे झाकण उघडलं. आत लाल धाग्यांसारख्या किड्यांचा वळवळता गोळा! माशांचं खाणं ते. मामंजी दोन पायऱ्या मागे सरले आणि घरी येऊन पुन्हा आंघोळ केली. "मांस नाही एवढं खरं," म्हणाले, "पण त्यापेक्षा मांस बरं." मामंजी जुन्या पोथ्यांची बांधणी करायचे, स्वभावानं अगदी गाय. पुढं जे झालं त्यात त्यांचं नाव यावं, हे मला अजून सहन होत नाही.

झालं असं, की त्या दांडग्या नराची एका मादीशी जोडी जमली. अण्णांनी बाकीच्यांना दुसऱ्या टाकीत हलवलं आणि ह्या दोघांसाठी आत चहाचं एक मातीचं कुल्हड पालथं घातलं. त्यावर मादीनं अंडी घातली. अण्णांनी खोलीत चप्पल बंद केली, खोकला बंद केला, दाराला चादर लावली. अंड्यांतून पिलं निघाली आणि चार-सहा दिवसांत पोहायला लागली. त्या दिवशी अण्णांनी मला बोलावलं, आणि कसं कोण जाणे, माझ्या मागोमाग काकूही येऊन उभ्या राहिल्या.

पिलं आईच्या अंगाला चिकटली होती. टाचणीच्या टोकाएवढी असतील, झुंडीनं तिच्या कुशीला लागून काहीतरी खात होती. अण्णा हळूच म्हणाले, "ह्यांच्या अंगातून दुधासारखं काहीतरी पाझरतं. पिलं त्यावरच जगतात. आई दमली की बाप पाळी घेतो." आणि खरंच, थोड्या वेळानं मादी झटक्यानं बाजूला झाली आणि ती सगळी झुंड नराच्या अंगाला जाऊन लागली. तो एवढा गुंड, पण जागचा हलला नाही.

काकू बघत राहिल्या. टेंभेकरांना एक मूल झालं होतं फार पूर्वी. बारशाआधीच गेलं. काकू मला एकदा मेथ्या निवडताना म्हणाल्या होत्या, "माझ्या दुधातच काहीतरी खोट होती गं. प्यायचं आणि मलूल व्हायचं." डॉक्टरनं वेगळंच सांगितलं होतं, अण्णांनी शंभरदा समजावलं होतं, पण ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. त्या दिवशी टाकीपुढून त्या वळल्या आणि चुलीपाशी गेल्या.

मग पिलं मरायला लागली.

रोज सकाळी तळाशी पांढरी धूळ पडल्यासारखी मेलेली पिलं. मादी काळवंडली, कोपऱ्यात तोंड घालून धापा टाकायला लागली. अण्णांनी ऊब तपासली, पाणी हुंगलं, किडे बदलले, सगळं बरोबर. तेव्हा त्यांनी आपलं जन्माचं हत्यार बाहेर काढलं. "हे आपोआप होत नाहीये, नंदा. कुणीतरी करतंय." मी म्हटलं, "कोण कशाला करेल?" तर म्हणाले, पाण्याची पातळी बघ. काचेवर त्यांनी गंधाची रेघ ओढून ठेवली होती. मे महिन्यात पाणी रोज बोटभर उडायला हवं, आणि पाणी होतं रेघेवरच. म्हणजे त्यांच्या माघारी कुणीतरी टाकीत पाणी ओतत होतं.

अण्णांचे डोळे असे चमकायला लागले की मला भीती वाटली. त्यांनी टाकीभोवती जमिनीवर तांदळाचं पीठ भुरभुरलं, पावलं उमटावीत म्हणून. सकाळी किडे आणायला गेले. परत येऊन बघतात तो पीठ पुसलेलं आणि त्या जागी छान चार पाकळ्यांची रांगोळी! काकूंनी पीठ सांडलं समजून फरशी पुसली होती आणि पुसल्यावर मोकळी कशी ठेवायची म्हणून रांगोळी काढली होती. अण्णांनी कपाळावर हात मारला, पण त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. जगातल्या सगळ्यांवर संशय घेणाऱ्या ह्या माणसानं एकाच माणसावर कधी घेतला नव्हता.

दोन दिवसांनी पाणी गाळायचा कापूस त्यांनी बाहेर काढला, तर तो हिरवट-निळा. अण्णांनी हुंगला, जिभेला लावला, आणि थुंकून म्हणाले, "तांबं! मोरचूद!"

आणि गल्लीत मोरचूद कुणाच्या घरात होतं? आमच्या. मामंजी पोथ्या चिकटवायच्या खळीत घालायचे, कसर लागू नये म्हणून.

त्या दुपारी अण्णा आमच्या दारात आले. मामंजी जेवायला बसले होते. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाले, "दादा, मोरचूद कुठं ठेवता? आणि गच्चीची कडी लावता की नाही?" मामंजींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि पानावरून उठले. त्या माणसानं कधी मुंगी मारली नव्हती! मला इतका संताप आला, इतका संताप आला, मी पदर खोचून दारात गेले. "अण्णा, माशांसाठी म्हाताऱ्या माणसाला पानावरून उठवलंत? लाज नाही वाटत?" ते म्हणाले, "मग तू सिद्ध कर." मी म्हटलं, "करते! उद्या सकाळी डबा घेऊन निघाल्यासारखं करा, आणि मागच्या मागे आमच्या जिन्यानं वर या. बघू या कोण येतं ते. आणि आमच्यातलं कुणी नसलं तर दादांचे पाय धरायचे, सगळ्या गल्लीसमोर."

दुसऱ्या दिवशी अण्णा डबा वाजवत घरातून बाहेर पडले आणि गल्लीला वळसा घालून आमच्या जिन्यानं गच्चीत आले. आम्ही दोघांनी काट्यांच्या फांद्या बाजूला सारून भिंत ओलांडली. माझी साडी फाटली, त्यांचं धोतर फाटलं. टाकीच्या शेजारच्या खोलीत जाऊन दाराच्या फटीला डोळा लावून बसलो. अण्णा माझ्या कानात म्हणाले, "सापडला की मी धरतो, तू ओरड."

आणि माईकाकू आल्या. गंगेवरून आंघोळ करून आलेल्या, केस ओले, हातात तांब्याची कळशी. कालच चिंचेनं घासलेली असणार, नुसती झळझळत होती. स्टुलावर एक पाय ठेवून त्यांनी टाकीचं झाकण उचललं आणि धार अगदी हळू, कडेनं सोडली. आणि बोलत होत्या.

"घे गं बाई. ह्यांनी उकळलेलंच आहे हो, नियम मोडला नाही मी. पण त्या प्लास्टिकातलं, संडासाजवळचं पाणी बाळंतिणीला घालतात का कुणी? रात्रभर तांब्यात ठेवलंय. अंगावर पाजतेयस, तुला जपायला नको? माझं मेलीचं राहिलं... तू तरी जप. पोरं मोठी कर."

मी अण्णांकडे बघितलं. ते उठायला निघाले होते, एक गुडघा उचललेला. तो तसाच खाली ठेवला. उकळून हलकं केलेलं पाणी, चिंचेनं घासलेलं तांबं, रात्रभर मुरलेलं, म्हणजे तांबं पाण्यात उतरणारच. पाणीखात्यातल्या माणसाला मी काय सांगणार! त्यांना क्षणात कळलं. काकूंनी पदरानं काचेवरचे थेंब पुसले, नमस्कार केल्यासारखे हात टेकवले आणि देवदर्शनाला खाली उतरल्या.

मी म्हटलं, "अण्णा, सांगा त्यांना. नकळत झालं."

"काय सांगू?" अण्णा माझ्यावरच खेकसले. "की तू पाजलंस आणि पोरं मेली? पुन्हा? एकदा तसं मनात धरून तिनं तीस वर्षं काढलीत. ह्या वेळी तर खरं आहे." मग आवाज बसला. "तू हे कुणाला बोललीस तर माझ्या घराची पायरी चढू नकोस."

"मग कळशी तरी लपवा! स्टीलची बरणी द्या हातात."

"तिला वाटतंय मला माहीत नाही. बोट लावणार नाही म्हणाली होती ना ती? दिलं हातात तर पाणी घालणंच सोडून देईल. इतक्या वर्षांनी ती कुणाशी तरी अशी बोलली, नंदा."

त्याच दिवशी अण्णा आमच्या घरी आले आणि गल्लीतल्या चार माणसांसमोर त्यांनी मामंजींचे पाय धरले. "दादा, दोष माझा. पंपाला मीच जुनी तांब्याची तार बांधली होती आणि विसरलो. गाढव आहे मी." पंपाला तार-बीर काही नव्हती. जन्मभर दुसऱ्याला "कशावरून" विचारणारा माणूस सगळ्यांदेखत धडधडीत खोटं बोलत होता. मामंजींनी त्यांना उठवलं आणि पेलाभर पाणी दिलं. अण्णांनी ते न हुंगता पिऊन टाकलं.

मादी वाचली नाही. पण नरानं पिलं अंगावर घेतली आणि मूठभर जगली. ती जगली ती अण्णांच्या नव्या कारभारामुळे. आता उकळलेल्या पाण्याच्या दोन बादल्या आमच्या गच्चीवर, माझ्या नावावर. सकाळी काकू कळशी ओतून दर्शनाला उतरल्या, की अण्णा मागच्या जिन्यानं वर यायचे, रबरी नळीनं टाकीतलं अर्धं पाणी उपसायचे आणि माझ्या बादलीतलं भरायचे, बरोबर गंधाच्या रेघेपर्यंत. नळीत पाणी खेचायला तोंड लावावं लागे. ज्या माणसानं पंगतीत पाणी हुंगलं तो रोज माशांचं पाणी तोंडात घ्यायचा.

आणि काकू? एके दिवशी भिंतीपाशी येऊन, इकडेतिकडे बघून मला म्हणाल्या, "नंदा, कुणाला सांगू नकोस. ह्यांना तर मुळीच नको, संशयी स्वभाव. त्या पोरांना रोज मीच पाणी घालते. तांब्यातलं. बघ कशी बाळसं धरतायत!" तोंडावर असं काही तेज होतं की मी नुसती मान हलवली. तेव्हापासून माझी जी पंचाईत झाली! दोघांची गुपितं पोटात घेऊन मी दोन गच्च्यांमध्ये वावरत होते आणि दोघंही मला बजावत होते, त्यांना कळू देऊ नकोस.

पुढं आमची बदली झाली. बनारस सोडायच्या सकाळी निरोप घ्यायला मी गच्चीवरूनच गेले. अण्णा टाकीपाशी वाकलेले, नळी तोंडात, गाल फुगलेले. पिलं आता चांगली तळहाताएवढी झाली होती आणि आपसांत भांडत होती. मला बघून अण्णांनी हातानंच "थांब" केलं. तेवढ्यात जिन्यावर जोडव्यांचा आवाज आला. काकू वाटेतूनच परतल्या होत्या, फुलांची परडी विसरली म्हणून. अण्णांनी नळी झटकन टाकीमागे टाकली आणि सरळ उभे राहिले. तोंड अजून भरलेलं होतं.

"काय हो, मासे बरे आहेत ना?" काकूंनी दारातून विचारलं.

अण्णांनी तो सगळा घोट, तांब्याचा, माशांचा, माझ्यासमोर गिळला.

"मजेत आहेत," ते म्हणाले. "कुणाचा तरी हात चांगला लागलाय."

काकूंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, परडी उचलली आणि गुणगुणत खाली गेल्या.